आतलं ऊन कोण मोजणार?

उन्हाळा तोंडावर आला की उष्माघाताचं पत्रक येतं. एसटी स्टँडवर, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर ते चिकटवलं जातं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या सूचनांवरून ही पत्रकं तयार होतात, त्यामुळे मजकूर सगळीकडे साधारण सारखाच. दुपारी बारा ते तीन उन्हात जाऊ नका, तहान नसली तरी पाणी प्या, सैल सुती कपडे घाला, डोक्याला रुमाल बांधा. या यादीत खाली कुठंतरी आणखी एक सूचना असते, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. ऐन दुपारी स्वयंपाक करणं टाळा, आणि स्वयंपाकाच्या जागेत हवा खेळती राहावी म्हणून दारं-खिडक्या उघड्या ठेवा.

ही सूचना मी बीडच्या एका खानावळीत पोळ्या करणाऱ्या बायकांना वाचून दाखवली. एकजण म्हणाली, “दुपारचा सैपाक टाळला तर मालक आम्हालाच टाळील की, ताई.” दुसरी भिंतीकडं हात करून म्हणाली, “खिडकी उघडायची म्हणता, पण आधी खिडकी पाह्यजे ना!”

उष्णतेचा धोका म्हणजे उन्हाचा धोका, असं आपण सगळ्यांनीच धरलेलं आहे. ऊन बाहेर, सावली आत. म्हणून सल्ला असतो तो आत बसण्याचा. रोजगार हमीवरच्या, शेतातल्या, ऊसतोडीच्या बायकांच्या उन्हाबद्दल आता थोडंफार बोललं तरी जातं. पण जिचं कामच आत आहे, चार भिंती, पत्रा आणि पेटती भट्टी यांच्यामध्ये जी सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत आणि पुन्हा संध्याकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत उभी असते, तिचं ऊन कुणाच्याच मोजमापात नाही. सरकारच्या नाही, मालकाच्या नाही आणि आपल्या संघटनांच्याही नाही. हा प्रश्न आपण कामाच्या ठिकाणचा हक्क म्हणून हाती घ्यावा, एवढंच मला या लेखात मांडायचं आहे.

आपला जिल्हा बाहेरच्यांना माहीत आहे तो ऊसतोडीचा म्हणून. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवरून तो देशभर गाजला. पण सगळ्याच बायका कोयता घेऊन जात नाहीत. नवरा गेलेल्या, टाकलेल्या, ऊस वाहून कंबर गेलेल्या, मुलांच्या शाळेसाठी तालुक्याला राहिलेल्या अशा कितीतरी जणी ‘पोळ्याचं काम’ धरतात. अंबाजोगाईला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि इतर कॉलेजं, म्हणजे विद्यार्थ्यांच्या मेस आणि पेशंटच्या नातेवाइकांसाठी खानावळी. परळीला वैजनाथाच्या दर्शनाला येणारी माणसं. धुळे-सोलापूर हमरस्त्यावर गेवराईपासून चौसाळ्यापर्यंत आणि मांजरसुंब्याच्या फाट्यावर ढाबे. शिवाय सगळीकडे मंगल कार्यालयं, आणि लग्नसराई नेमकी एप्रिल-मेची, पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असतानाची. हजार पानं उठवायची असली की पहाटे चारला भट्ट्या पेटतात.

खानावळीचं स्वयंपाकघर ज्यांनी आतून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. बहुतेक ठिकाणी जागा म्हणजे दुकानाचा गाळा. पुढं शटर, तिथं टेबलं, गल्ला, देवाचा फोटो आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यावर पंखे. मागं पार्टिशन, पार्टिशनमागं स्वयंपाक. मागची भिंत शेजारच्या इमारतीला लागून, त्यामुळे खिडकी काढायला जागाच नाही. वर स्लॅब असला तर नशीब, नाहीतर पत्रा. भिंतीत एखादा एक्झॉस्ट पंखा, तेलाच्या थरानं काळा झालेला, पाती जड फिरणारी. गाळ्याचा मालक वेगळा आणि खानावळ चालवणारा वेगळा. भिंतीला भोक पाडायचं म्हटलं की गाळेमालक भाडं वाढवायची किंवा गाळा सोडायची भाषा करतो.

आता या एवढ्याशा जागेतही बाई कुठं उभी असते आणि पुरुष कुठं, ते बघा. आचारी हा पुरुष. त्याची भट्टी दाराच्या किंवा पंख्याच्या बाजूला, कारण फोडणीचा ठसका त्याला सोसत नाही, आणि तो सोडून गेला तर धंदा बसतो. पोळ्यांचा मोठा तवा आतल्या कोपऱ्यात. तिथं दोघी-तिघी लाटणाऱ्या, एक भाजणारी. भाजणारीला तव्याची धग थेट छातीवर-तोंडावर. आचाऱ्याची भट्टी भाजी झाली की बंद होते, तवा मात्र शेवटचं गिऱ्हाईक उठेपर्यंत तापलेला. उकाडा असह्य झाला की आचारी शर्ट काढून बनियनवर काम करतो. त्याला कुणी काही म्हणत नाही, म्हणूही नये. बाईनं काय काढायचं? पदर कमरेला खोचायचा आणि ओला रुमाल मानेवर टाकायचा, एवढंच तिच्या हातात. पगार अर्थातच आचाऱ्याचा जास्त, कारण तो ‘कारागीर’ आणि ही ‘पोळ्यावाली’.

शरीराचं काय होतं ते थोडं समजून घेऊ, कारण ‘चुलीपुढं गरम होणारच’ या वाक्याला उत्तर द्यायचं तर ते माहीत असायला हवं. आपल्या कातडीचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. भोवतालची हवा त्यापेक्षा थंड असेल तर अंगातली उष्णता हवेत निघून जाते. हवा त्याहून गरम झाली की उलटी वाट सुरू होते, हवाच अंग तापवते. मग शरीराकडे घाम हा एकच उपाय उरतो. तो घामसुद्धा नुसता गळून उपयोगाचा नाही, तो वाळला तरच अंग गार होतं. स्वयंपाकघरात भाताची, वरणाची, भांडी विसळायच्या गरम पाण्याची वाफ कोंडलेली असते, म्हणून घाम वाळत नाही, नुसता वाहतो. त्यात तापलेला पत्रा आणि तवा यांची धग थेट अंगावर येते, ती हवेतून यावीच लागत नाही. जवळ उभं राहिलं की लागते.

पंख्याचं विचारलं की मालकाचं उत्तर तयार असतं: पंख्यानं गॅस फडफडतो. हे खरं आहे. आणि हवाच चाळीस अंशांच्या पुढं गेलेली असेल तर पंखा तीच गरम हवा अंगावर मारतो, तेव्हा पंख्यावर विसंबू नका, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. तेव्हा मागणी नुसत्या पंख्याची नाही. कोंडलेली हवा बाहेर काढायची आणि ताजी आत घ्यायची, ही मागणी आहे.

या सगळ्याचं एकत्र मोजमाप करायची पद्धत जगात कित्येक वर्षांपासून आहे. नुसता पारा बघून भागत नाही, म्हणून ओलं कापड गुंडाळलेला एक थर्मामीटर आणि काळ्या गोळ्यात बसवलेला एक, असे दोन वापरतात. आतल्या जागेसाठी ओल्याच्या आकड्याला सत्तर टक्के आणि काळ्या गोळ्याच्या आकड्याला तीस टक्के वजन देऊन एक आकडा काढतात. उन्हाळ्याला सरावलेल्या माणसानं मध्यम कष्टाचं काम सलग करायचं असेल तर हा आकडा २८च्या पुढं जाऊ नये, असं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. पुढं गेला तर कामात विसावा घालायचा, धग अडवायची किंवा हवा बदलायची. कारखान्यांच्या भट्ट्यांजवळ हे मोजतात. समाजकार्याच्या पदवीला असताना ‘व्यावसायिक आरोग्य’ या विषयात आम्ही खाणी शिकलो, गिरण्या शिकलो, दगडखाणीतला सिलिकोसिस शिकलो. स्वयंपाकघराचा उल्लेखही नव्हता. ते ‘घर’ होतं ना!

बायका त्रास सांगतात तो असा: घामोळं, चक्कर, पायात गोळे, डोळ्यांपुढं अंधारी, हातांवर डागल्याच्या खुणा, आणि सगळ्यात जास्त म्हणजे ‘उन्हाळी’. लघवीला जळजळ होण्याला आपल्याकडं उन्हाळी लागली म्हणतात. धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, असे उपाय करतात. शब्द बघा कसा आहे, उन्हानं होते ती उन्हाळी. पण या बाईनं तर दिवसभर ऊन पाहिलेलंही नसतं. तिला ती होते कारण घामावाटे पाणी जातं, आणि ती वरून पाणी पीत नाही. का पीत नाही? कारण जायची सोय नाही. मागच्या बोळात पुरुष उभे राहतात, बाईला स्टँडपर्यंत जावं लागतं, आणि जेवणाच्या गर्दीत तवा सोडून जाता येत नाही. एक मावशी मला म्हणाली, “पाणी प्या म्हंता, पण पिलेलं पाणी ठेवू कुठं?” हवेचा प्रश्न, पाण्याचा प्रश्न आणि संडासाचा प्रश्न हे तीन वेगळे प्रश्न नाहीत, हे मला त्या वाक्यानं जितकं स्पष्ट झालं तितकं कुठल्या पुस्तकानं झालं नव्हतं.

दोन गोष्टी याहून नाजूक आहेत. पहिली गरोदरपणाची. तामिळनाडूत श्रीरामचंद्र संस्थेच्या संशोधकांनी काम करणाऱ्या ८०० गरोदर बायकांचा अभ्यास केला. तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. जास्त उष्णतेत काम करणाऱ्यांमध्ये गर्भपात आणि मृत मूल जन्मण्याचा धोका जवळपास दुप्पट दिसला. त्या बायका शेतातल्या, वीटभट्टीवरच्या, मिठागरातल्या होत्या, पण पोटातल्या बाळाला उष्णता उन्हाची की तव्याची हे कळत नाही. दुसरी गोष्ट पाळी जाण्याच्या वयाची. पोळ्याच्या कामावर चाळीस-पन्नाशीच्या बायका पुष्कळ. अंगातून एकाएकी वाफा येणं, छाती धडधडणं, रात्री घामानं झोप उडणं, हे तव्यापुढं उभं राहून सोसणं म्हणजे काय, याची कल्पना ज्या मैत्रिणी त्या वयातून गेल्या आहेत त्यांना येईल. याबद्दल मालकाशी बोलणं सोडाच, बायका आपापसातही बोलत नाहीत. ‘वय झालं’ म्हणून कामावरून कमी करतील ही भीती.

आणि धूर. जास्त आचेवर तळताना जो धूर निघतो त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं. लाकूड-काटक्यांच्या चुलीचा घरातला धूरही त्याच गटात. घरच्या चुलीबद्दल देशभर प्रचार झाला, २०१६ पासून उज्ज्वला योजनेत गॅसही घरोघरी आला. पण धंद्यासाठी लागतो तो १९ किलोचा सिलिंडर, त्याला सवलत नाही. म्हणून लहान खानावळीत आणि ढाब्यावर पऱ्हाट्या, तुराट्या, बाभळीची लाकडं चालूच आहेत, मंगल कार्यालयात डिझेलची भट्टी गर्जते. घरी उज्ज्वलाचा गॅस आणि कामावर धूर, अशी बाई मी स्वतः ओळखते, एक नाही, अनेक.

यातच अलीकडचं फॅड म्हणजे ‘चुलीवरचं’. हमरस्त्यानं जाताना पाट्या बघा: चुलीवरची भाकरी, चुलीवरचं मटण. पुण्या-संभाजीनगरहून येणारी गाडी थांबते, माणसं उतरतात, भाकरी थापणाऱ्या आजीचा फोटो काढतात. चवीबद्दल माझं भांडण नाही. पण ज्या धुरातून बाईची सुटका करायला आपण इतकी वर्षं धडपडलो तोच धूर आता दर वाढवून विकला जातो आहे आणि त्या वाढीव दरातला एक रुपयाही धुरात बसणारीकडे जात नाही, हे त्या फोटोत दिसत नाही.

जुन्या काळी सगळं छान होतं असं मी म्हणणार नाही, पण एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. आपल्याकडच्या माळवदाच्या घरांत चुलीच्या वर छताला सानं ठेवलेलं असायचं. उजेड आत, धूर बाहेर. पाऊस आला की वर दगड किंवा पत्रा सरकवायचा. बाई चुलीपुढं खाली बसायची, त्यामुळे धुराचा थर डोक्याच्या वर राहायचा. आता ओटा आला, बाई उभी राहिली, हे कमरेसाठी बरंच झालं. पण तिचं तोंड नेमकं धुराच्या थरात गेलं, आणि स्लॅब टाकताना सानं बुजलं. घर बांधणाऱ्या गवंड्याला जे ठाऊक होतं ते गाळे बांधणारा बिल्डर विसरला, कारण गाळ्यात कोण काय करणार आहे याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं.

कायद्याचं काय? मी हे सगळं जरा तपशिलात देते, कारण आपल्या कार्यकर्त्यांना अधिकाऱ्यांपुढं बोलताना लागेल. १९४८च्या कारखाना कायद्यात कलम १३ होतं. कामाच्या जागी ताजी हवा खेळती ठेवली पाहिजे, तापमान कामगाराला सोसेल असं ठेवलं पाहिजे, फार उष्णता निर्माण करणारं काम वेगळं किंवा आच्छादित केलं पाहिजे. चांगलं कलम. पण १९७६च्या दुरुस्तीनं ‘कारखाना’ या शब्दाच्या व्याख्येतून हॉटेल, उपाहारगृह आणि खानावळ स्पष्टपणे वगळली गेली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुना कायदा जाऊन व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहिता, २०२० लागू झाली. तिच्यातही कारखान्याच्या व्याख्येतून हॉटेल-खानावळ वगळलेलीच आहे. मात्र दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ‘आस्थापने’ला संहिता लागू होते, आणि कलम २३ मध्ये हवा, तापमान, दमटपणा यांचा उल्लेख आहे. म्हणजे मोठ्या हॉटेलात काम करणाऱ्यांना आता बोट ठेवायला जागा आहे, ती वापरली पाहिजे.

पण आपली खानावळ सहा-सात जणांची. तिला मुंबई दुकाने व आस्थापना कायदा, १९४८ काही प्रमाणात लागू होता, त्यात हवा खेळती ठेवण्याचं कलम होतं. २०१७ च्या नव्या राज्य कायद्यानं दहापेक्षा कमी कामगारांच्या आस्थापना जवळजवळ बाहेरच काढल्या, नुसती नोंद कळवली की झालं. २०२५ मध्ये तर ही मर्यादा विसावर नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं घेतला. प्रत्येक वेळी रेघ थोडी वर सरकते, आणि आपली बाई आणखी थोडी खाली जाते.

उरतं अन्नसुरक्षेचं. त्या नियमांत हवा खेळती ठेवण्याचा, एक्झॉस्टचा उल्लेख आहे. पण तो कशासाठी? घाण बाजूची हवा स्वच्छ बाजूकडं जाऊन अन्न दूषित होऊ नये म्हणून. तपासायला येणारा माणूस नखं बघतो, टोपी बघतो, पिठाचा डबा झाकलेला आहे का बघतो. पोळीची काळजी घेणारा कायदा आहे. पोळी करणारीची काळजी घेणारा कायदा दहाव्या कामगारापासून सुरू होतो.

‘लहान जागांवर कायदा कसा पोचणार, निरीक्षक कुठून आणणार?’ असं अधिकारी विचारतात. याला आपल्याकडं उत्तर आहे, आणि ते स्त्री-चळवळीनंच मिळवलेलं आहे. विशाखा निकाल १९९७चा, त्यावरून झालेला कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३चा. त्यात दहापेक्षा कमी कामगारांच्या जागांसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समितीची तरतूद आहे. घरकाम करणारी एकटी बाईही तिच्याकडं जाऊ शकते. ही समिती कशी चालते यावर आपण वेगळं भांडतोच आहोत. पण मुद्दा हा की, एकाच कामगाराच्या जागेपर्यंत कायदा नेता येतो हे मान्य झालेलं आहे. किमान वेतनही आता सगळ्यांनाच लागू आहे, कितीही लहान जागा असो. मग हवा, पाणी, संडास यांच्यासाठी दहाची रेघ कशाला? अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यानं २०२४ मध्ये आतल्या जागेच्या उकाड्यासाठी नियम केला. आतलं तापमान ८२ फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २८ अंश झालं की मालकानं पिण्याचं पाणी आणि गार जागेत विसावा दिलाच पाहिजे. तो हॉटेलच्या स्वयंपाकघरांनाही लागू आहे. आपल्याकडं २८ अंश हा पहाटेचा आकडा, हे मला माहीत आहे. तोच आकडा इथं आणा असं मी म्हणत नाही. आतलं तापमान हा नियमाचा विषय होऊ शकतो, एवढं त्यावरून दिसतं.

आता आपल्यातल्या वादाकडं येते. हा विषय मी एका बैठकीत काढला तेव्हा एक ज्येष्ठ मैत्रीण म्हणाल्या, “आधी पगार. पगार वाढला तर बाई उकाडा सोसेल, खिडकी मिळाली तर उपाशी राहील.” त्यांचं वजन मोठं आहे आणि म्हणण्यात तथ्यही आहे. तरी मला ते पटत नाही. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी मुंबईच्या गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तेव्हाही प्रश्न नुसत्या पैशाचा नव्हता. बँकेचं कर्ज त्यांनी मिळवून दिलंच, पण त्याआधी या बाईचा स्वयंपाक हा घरधंद्याचा भाग नसून काम आहे, हे बँकेला आणि खुद्द बाईला मान्य करायला लावलं. ‘सोसेल’ हा शब्द मला खटकतो. पगाराच्या बदल्यात सोसणं हा सौदा आपण गिरणीकामगारासाठी कधी मान्य केला नव्हता. आणि व्यवहार असा की, शरीर पंचेचाळिशीत संपलं तर वाढलेला पगार घ्यायला बाई उरत नाही.

बायकांचा स्वतःचा विरोधही मी ऐकलेला आहे. “चुलीपुढं गार कसं असंल, ताई? आमच्या आईनं काढलं, आम्ही काढतोय.” घरचा स्वयंपाक बाईचा धर्म मानला गेला, आणि धर्मात धग आलीच. मोबदला घेऊन काम करायला ती बाहेर पडली तेव्हा तो धर्म तिच्याबरोबर खानावळीत आला. मालकानं आणला नाही, तिनंच आणला. त्यामुळे इथं पहिलं काम मोर्चाचं नाही, बसून बोलण्याचं आहे.

मालकाबद्दलही थोडं. सगळे मालक राक्षस नाहीत. पुष्कळ लहान खानावळी नवरा-बायको चालवतात, काही विधवा बायका चालवतात, त्याही त्याच उकाड्यात असतात. त्यांना सांगण्यासारख्या स्वस्त गोष्टी आहेत. गरम हवा वर जाते, म्हणून बाहेर जायची वाट वर, भट्टीच्या डोक्यावर पाहिजे, आणि आत यायची वाट समोरच्या बाजूला खाली. आपल्याकडं एक्झॉस्ट बसवतात दाराच्या वर. मग दारातून येणारी हवा दाराच्या वरूनच बाहेर जाते, आतला कोपरा तसाच कोंडलेला. आत येणारी वाटच नसेल तर पंखा कितीही मोठा असो, ओढणार काय? खालची वाट गॅससाठीही हवीच. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. तव्यावर पत्र्याचं छत्र आणि त्याला धुराडं, हे गावचा पत्रेवाला करून देतो. पत्र्याला उन्हाळ्याआधी चुन्याचे दोन हात. पंख्याची पाती आठवड्याला पुसायची. भाजणारी आणि लाटणारी यांनी दर अर्ध्या तासानं जागा बदलायची, याला तर पैसाही लागत नाही.

इमारतींच्या राष्ट्रीय संहितेत उष्ण-कोरड्या हवामानासाठी दारं सोडून खिडक्या-झरोक्यांचं क्षेत्र जमिनीच्या क्षेत्राच्या किमान एक दशांश असावं असं म्हटलं आहे. बारा बाय दहाच्या गाळ्याला बारा चौरस फूट. नगर परिषदेनं गाळे बांधतानाच हे बघितलं तर निम्मा प्रश्न सुटतो. नगरसेविका आपल्यातल्या काहीजणी आहेत, त्यांनी हे मनावर घ्यावं.

आणि जिथं मालकीण आपणच आहोत तिथं? बचत गटांच्या खानावळी, महोत्सवातले स्टॉल, शाळेतल्या पोषण आहाराचे ठेके. २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी सुरू झाली तेव्हा राज्यात अनेक केंद्रं बचत गटांनी घेतली. त्या थाळीत ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात, १०० ग्रॅम वरण असं ग्रॅममध्ये ठरलेलं होतं. गटांच्या बैठकांत दर, अनुदान कधी येणार, फोटो कसे काढायचे, यावर तासन् तास चर्चा व्हायची. मी ज्या बैठकांना होते त्यांत स्वयंपाकाच्या जागेचा विषय निघाला तो फक्त भाडं किती यापुरता. शाळांच्या किचन शेडचंही तेच. स्वयंपाकीण-मदतनीस बाईचं मानधन केंद्रानं २००९ मध्ये महिना १००० रुपये ठरवलं, राज्यानं ते पुढे वाढवलं, त्यासाठी मोर्चे निघाले आणि निघालेच पाहिजेत. त्या मोर्च्यांच्या मागण्यांच्या यादीत शेडला जाळीची खिडकी आणि धुराडं ही एक ओळ घालायला काय हरकत आहे?

आमच्या गटानं यंदा मार्चपासून मेअखेरपर्यंत अंबाजोगाई, परळी आणि बीडमधल्या ज्या खानावळी आत येऊ देतील तिथं नोंदी ठेवायचं ठरवलं आहे. बाजारातला साधा थर्मामीटर, दुसरा तसाच पण त्याच्या बुंध्याला ओलं मलमल गुंडाळलेला. दुपारी बारा आणि दोन वाजता, तव्यापासून एका हातावर, छातीच्या उंचीवर, दोन्ही आकडे लिहायचे. सोबत किती बायका, किती तास, खिडकी आहे का, पाणी कुठं, संडास किती लांब, आणि त्या दिवशी कुणाला काय झालं. काळा गोळा आमच्याकडं नाही, त्यामुळे हे शास्त्रीय मोजमाप होणार नाही, पण जिल्हाधिकाऱ्यांपुढं कोरा कागद घेऊन जाण्यापेक्षा बरं. इतर तालुक्यांतल्या आणि शेजारच्या लातूर-धाराशिवच्या मैत्रिणींनी याच पद्धतीनं नोंदी ठेवल्या तर जूनमध्ये एकत्र बसता येईल. नोंदीत खानावळीचं आणि बाईचं नाव घालू नका, नुसतं गाव आणि तारीख पुरे. काम जाण्याची भीती खरी आहे.